जड माणसं समोर

बडनेरा मागे पडलं की उजव्या हाताला बाभळींच्या वर लोखंडाचा एक माथा दिसायचा. गंजून तांबडा झालेला. तिथली पाळण्यांची बाग बंद होऊन बरीच वर्षं झाली तरी तो तसाच उभा होता. अकोल्याला जाताना मी दर वेळी त्याच्याकडे बघायचे आणि आई दर वेळी दुसरीकडे बघायची. त्या दिवशी तो दिसला नाही.

मी गाडी हळू केली. शेजारी आई बाळंतविड्याची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. आत्याला पणती झाली होती, दुपारी अकोल्याला बारसं होतं. पिशवीत झबली-टोपडी होती, आईनं स्वतः शिवलेलं दुपटं होतं आणि सगळ्यांत वर हळदीकुंकवाचा करंडा. तो सांडू नये म्हणून तिनं दोन्ही हातांनी धरला होता.

बागेचं फाटक उघडं होतं. आत एक ट्रॉली उभी होती आणि तिच्यात पत्र्याच्या दोन बैलांची डोकी आडवी टाकली होती. एकाचं शिंग तुटलेलं. पलीकडे एक माणूस गॅसकटरनं लोखंडी खांब कापत होता. जुना रंग जळल्याचा वास काचा बंद असूनही गाडीत आला.

“काहून थांबवली?” आईनं विचारलं.

“गचका तोडून राहिले, आई.”

“तोडू दे. सडलाच होता तो.” असं म्हणून तिनं रस्त्याच्या पलीकडे पाहिलं. पलीकडे तुरीचं कापलेलं रान होतं, बघण्यासारखं काही नव्हतं. तरी ती तिकडेच बघत राहिली आणि ते मी टिपलं. आईच्या बाबतीतलं काही माझ्या नजरेतून सुटत नाही.

मी संशयी आहे. हे कबूल वगैरे करत नाही, नुसतं सांगते आहे. दूध आलं की आधी हुंगते. दुकानदार हसून बोलला की माझं लक्ष काट्याकडे जातं. कॉलेजात पेपर तपासताना दोन उत्तरपत्रिकांत एकच चूक दिसली, तर त्या दिवशी कोण कुणाच्या मागे बसलं होतं ते आठवायला लागते. नवरा “काही नाही” म्हणाला की काय नाही ते शोधून काढल्याशिवाय मला झोप येत नाही. तू पोलिसात जायला हवं होतंस, असं तो म्हणतो. माझा हा स्वभाव कुठून आला ते मला पक्कं ठाऊक आहे. तो या बागेतून आला, त्या पत्र्याच्या बैलांच्या मागून.

आम्ही भातकुलीकडचे. काळ्या मातीतलं गाव, उन्हाळ्यात पायाखाली भेगा आणि पावसाळ्यात चप्पल चिखलात सोडून घरी यायचं. वर्षातून एकदा बाबा आम्हा तिघी बहिणींना बागेत न्यायचे. कापूस वेचून झालेला असायचा, तूर घरात आलेली असायची, थंडी जाऊ-जाऊ करत असायची. त्या दिवसांत संत्र्याच्या बागांना आंबिया बहार यायचा. एसटीच्या खिडकीतून तो वास आत शिरला की मी समोरच्या सीटची दांडी घट्ट धरायचे, कारण त्या वासाच्या मागोमाग गचका यायचा. डब्यात तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि सांबाराची हिरवी चटणी. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांना ते कधी समजलं नाही आणि आम्हीही कधी समजावलं नाही. बागेत शिरल्यावर दह्यातल्या गिल्या वड्यांचा, तळणाचा आणि ओल्या गवताचा वास. आणि त्या सगळ्यावर तापलेल्या लोखंडाचा नि ग्रीसचा.

फाटकावरच्या पाटीवर रुळांवरून वर-खाली धावणाऱ्या त्या मोठ्या पाळण्याचं काहीतरी भारदस्त नाव रंगवलेलं होतं. ते कुणी वाचलं नाही. सगळे त्याला गचका म्हणायचे.

बागेच्या मालकाचं कापसाचं जिनिंग होतं, ते बंद पडलं तेव्हा तिथलं लोखंड त्यानं या बागेत आणून ओतलं, असं लोक सांगत. त्याला शंकरपटाचं वेड होतं. बैलांच्या शर्यतीसाठी तो कुठे-कुठे जायचा म्हणे. म्हणून त्याचा गचकाही पटासारखाच होता. दुसरीकडे अशा पाळण्यांना डबे असतात, इथे एकामागे एक जोडलेले छकडे होते. सगळ्यांत पुढे पत्र्याचे दोन पांढरे बैल, लाल शिंगांचे, गळ्यात खऱ्या घंटा. साखळी खडखड करत बैल-छकड्यांची ती सगळी बंडी वर ओढायची आणि माथ्यावर आणून सोडून द्यायची. तिथून पुढे पुढच्या छकड्याच्या वजनानंच बैल खाली मान घालायचे आणि बंडी पलीकडे कलंडायची. पुढे वजन नसेल तर मात्र ती माथ्यावरच रुसून बसायची.

म्हणून शिट्टीवाला ओरडायचा. त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं. गळ्यात शिट्टी होती, म्हणून शिट्टीवाला. “जड मानसं समोर! हलके मांगं! जड कोन हाय, समोर या!” मग गर्दीतले पोटवाले काका, लग्नाला उभ्या पोरांच्या आया, हॉटेलवाले अशी सगळी माणसं लाजत-हसत पुढे यायची. आपलं वजन असं चारचौघांत कामी येतं याचा त्यांना आनंदही व्हायचा. अशी माणसं पुढच्या छकड्यात दाटीवाटीनं बसली की शिट्टी वाजायची.

खाली उतरताना काय व्हायचं ते नावातच आहे. रुळांचे सांधे कुठेच नीट जुळलेले नव्हते. मान एकीकडे, धड दुसरीकडे. गुडघे पुढच्या पत्र्यावर आपटायचे. घंटा वेड्यासारख्या वाजायच्या. खाली आल्यावर लोक आधी आपापले दात चाचपायचे, मग कानातलं, मग शेजारी बसलेलं आपलं माणूस. तरी पुन्हा रांगेत उभे राहायचे. मी पण राहायचे. मला भीती वाटायची आणि मला तो फार आवडायचा.

आई मात्र कधी बसली नाही.

शेतात साप निघाला तर सगळे बाबांना हाका मारायचे, आणि बाबा आईला. अशी माझी आई. ती गचक्याखाली कठड्याला धरून उभी राहायची. एका हातात आमच्या चपला. आम्ही वरून हात हलवायचो तर ती आमच्याकडे बघायचीच नाही. तिचे डोळे माथ्यावर. बंडी माथ्यावरून पलीकडे गेली की मग ती श्वास सोडायची. तिचे खांदे खाली आलेले मला एवढ्या वरूनही दिसायचे.

आणि आणखी एक. दर वर्षी न चुकता ती शिट्टीवाल्याजवळ जाऊन सांगायची, “इले समोर नोको बसवू, दादा. हलकी हाय ते.” माझ्या बहिणी एकदा-दोनदा पुढे बसल्या. बैलांच्या पाठीला हात लावून आल्या. मला नेहमी मागचा छकडा. मलाच का? मी किती रडले त्याच्यासाठी. बाबा तेव्हा हसायचे. हसले की त्यांचा पुढचा अर्धा तुटलेला दात दिसायचा. दात कशानं तुटला असं विचारलं की ते म्हणायचे, “बैलानं मारलं.” आमच्या गोठ्यातला ढवळ्या बिचारा गरीब जनावर, पण त्या दातापायी आम्ही तिघी आयुष्यभर त्याच्यापासून लांब राहिलो.

मग एका उन्हाळ्यात आत्या आली. बाबांची थोरली बहीण, अकोल्याला दिलेली. घराघरांत तिचा शब्द चालायचा, आमच्या घरात जरा जास्तच. अंगणात पापड लाटायला बायका बसल्या होत्या. मी ओट्यावरून पडले आणि गुडघा फोडून रडत त्यांच्यात गेले. आत्या लाटता-लाटता म्हणाली, “इले काय होते? इची माय इले पोटात घेऊन पायन्यात बसली होती. तवा नाही पडली, आता काय पडते!”

बायका हसल्या. आणि एकदम हसायच्या थांबल्या. आईचं लाटणं पोळपाटावर थबकलं होतं. आत्यानं घाईघाईनं उडदाची एक लाटी माझ्या हातात कोंबली आणि जा म्हणाली. लाटीला हिंगाचा नि तेलाचा वास होता. ती खात मी जिन्याखाली बसले आणि पहिल्यांदा विचार केला, बायका थांबल्या का?

आमच्या बोलीत पाळण्याला पायना म्हणतात. घरातला लाकडी पाळणा तोही पायना, आणि जत्रेतला, बागेतला, वर-खाली फिरणारा काहीही असो, तोही पायनाच. मी बरीच वर्षं असंच समजत होते की आई मला पोटात घेऊन घरातल्या पाळण्यात बसली. मोठी बाई, पाय दुमडून, पाळण्यात. त्या चित्राचं मला हसू यायचं. मग कधीतरी कळलं की आत्या गचक्याबद्दल बोलत होती.

ते कळूनही काही बिघडलं नसतं. पण अमरावतीला कॉलेजच्या होस्टेलवर माझ्या खोलीत एक मुलगी होती, तिची आई सुईणपण करायची. ती एकदा सहज सांगत होती, नको असलेलं पोर पाडायला गावात बायका काय-काय करतात. कच्ची पपई खातात. ओट्यावरून उड्या मारतात. खाचखळग्याच्या वाटेनं बंडीत बसून लांब जातात, गचके बसावेत म्हणून. ती हे सांगत होती आणि मी केस विंचरत होते. माझा हात थांबला, अगदी आईच्या लाटण्यासारखा.

दोन मुलींवर तिसरी मी. सापाला न भिणारी आई जिच्यात एकदाच बसली ती बंडी, आणि तेव्हा मी तिच्या पोटात होते. त्यानंतर ती पुन्हा कधी बसली नाही. मग मला कुणी सांगायची गरज राहिली नाही.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एक कोर्ट बसलं, ते उठलंच नाही. आई माझ्या डोक्याला तेल घालायची. माझ्याच डोक्याला जास्त वेळ का? दह्यावरची साय माझ्या वाटीत का? लाड केले की मला ती भरपाई वाटायची आणि रागावली की पुरावा. माझ्या लग्नात ती सगळ्यांत जास्त रडली, तर वऱ्हाडी मंडळी म्हणाली, धाकटीवर जीव आहे. मी मुंडावळ्यांतून तिच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, कशाबद्दल रडते ही? असं मनात ठेवून आईवर प्रेम करणं फार दमवणारं असतं. मी करत होते. पण सरळ हातानं कधी केलं नाही.

बाबांना एकदा विचारलं होतं. “बाबा, आई बसली होती का हो गचक्यात?” ते हसले, अर्धा दात दिसला. मग गोठ्याकडे निघाले आणि जाता-जाता म्हणाले, “तुया आईले इचार.” बाबा गेले त्याला आता काही वर्षं झाली. आईला मी विचारलं नाही. ती हो म्हणाली असती तर मी काय केलं असतं?

आणि आता तोच गचका ट्रॉलीत पडला होता.

मी गाडी पुन्हा सुरू करणार तेवढ्यात आईनं तिच्या बाजूचं दार उघडलं. पिशवी सीटवर ठेवली, करंडा तेवढा घेतला आणि पदर सावरत ती फाटकातून आत गेली. मी मागोमाग. बागेत कमरेएवढं वाळलेलं गवत होतं. गिल्या वड्यांच्या गाडीची जागा एका कडुनिंबानं घेतली होती. आई ट्रॉलीपाशी थांबली, करंडा उघडला आणि पोळ्याला खऱ्या बैलांना लावतात तसं त्या दोन्ही पत्र्याच्या कपाळांना कुंकू लावलं. तुटक्या शिंगाच्या बैलाला जरा जास्तच.

गॅसकटरवाल्यानं काळा चष्मा वर केला. “मावशी, काय करून राहिल्या? भंगारात चालले ते.”

“जाऊ दे न भंगारात,” आई म्हणाली. “बोळवण तर करू दे.”

माझ्या डोक्यातलं कोर्ट उठून उभं राहिलं. या बैलांचे उपकार कसले? मला आवरलं नाही. मी विचारून टाकलं, “आई, तू मले पाडाले बसली होती का याच्यात?”

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग बोटाचं कुंकू पदराच्या टोकाला पुसलं.

“कोन म्हनते?”

“कोनी नाही म्हनत. मीच म्हनते.”

“कवापासून?”

“लय दिवसांपासून.”

“अन् आता इचारून राहिली?” ती गचक्याच्या उरलेल्या ओट्यावर बसली आणि शेजारची धूळ हातानं झटकली. “बस अठी.”

मी बसले.

“आमी त्या दिवशी गचक्यासाठी निंघालोच नव्हतो,” आई म्हणाली. “अमरावतीले दवाखान्यात चाललो होतो. सफाई कराले.”

सफाई. लहानपणी बायकांच्या बोलण्यात हा शब्द मी किती वेळा ऐकला होता. अंगण सारवणं, भांडी घासणं, त्यातलाच एक वाटायचा. त्याचा अर्थ पोर पाडणं, हे खूप नंतर कळलं होतं.

तिसरीही मुलगीच आहे, हे चोरून तपासून कळलं होतं. दवाखाना आत्याच्या ओळखीतला, सगळं आत्यानंच, म्हणजे आईच्या अक्काजींनी, ठरवलेलं आणि ती बरोबरही आलेली. गावात आईला दिवस गेल्याचं कुणाला ठाऊक नव्हतं आणि होऊ द्यायचं नव्हतं, म्हणजे नंतर कुणी काही विचारणार नाही. म्हणून गावात सांगितलं, पोरींना बाग दाखवून आणतो. सांगितलेलं खोटं पडू नये म्हणून आधी खरोखरच बागेत आले. दवाखान्याची वेळ दुपारनंतरची होती.

“अन् बाबा?”

“तुया बाप काही बोलेच ना. त्याचं न बोलनं म्हंजे हो का नाही, मले समजेना.” ती थोडी थांबली. “तुया बहिनी म्हने, आई, तू बस न. मंग मी गेली. तो शिट्टीवाला वरडला, जड कोन हाय, समोर या. मी म्हटलं, मी आहो जड.”

आमच्याकडे दिवस गेलेल्या बाईला जड म्हणतात. जड आहे, जडावली आहे. आई तेव्हा हडकुळी होती, साडीच्या निऱ्यांत काही दिसत नव्हतं. शिट्टीवाल्याला वाटलं असणार, बाई थट्टा करते. मागून गर्दी रेटत होती. त्या घाईत त्यानं तिला एकटीलाच पुढच्या छकड्यात बसवलं आणि शिट्टी फुंकली.

बंडी वर गेली. माथ्यावर साखळी सुटली, पुढे वजन नव्हतं. बैल आभाळाकडे तोंड करून उभे राहिले. घंटा थोडा वेळ वाजल्या आणि गप्प झाल्या.

शिडी लावून मागच्या सगळ्या लोकांना एक-एक करून उतरवलं. आईची पाळी आली तर ती म्हणाली, मी उतरत नाही, मी जड आहो. आता कुठे शिट्टीवाल्याला तो शब्द कळला. तो जाऊन कर्ण्यावर सांगून आला. सगळ्या बागेला ऐकू गेलं, एक गरोदर बाई माथ्यावर अडकली आहे, कुणी डॉक्टर किंवा सिस्टर असतील तर गचक्यापाशी यावं. पाहता-पाहता खाली जत्रा जमली, आणि तिच्यात आमच्याच आळीतल्या दोघी निघाल्या.

“त्या खालून वरडे, कमल, जड हायेस अन् आमाले सांगत नाही?” आई आता हसायला लागली होती. “कोनी बादलीला दोर बांधून लिंबाचं सरबत वर पाठवलं. अक्काजी खालून वरडत होत्या, उतर व, टाइम होऊन राहिला! तर त्या बायाच त्याइच्यावर धावल्या. कायचा टाइम? ते बाई जड हाय, दिसत नाही का तुमाले? अक्काजी काय सांगन, कायचा टाइम ते?”

आईनं हातातल्या करंड्याचं झाकण घट्ट लावलं.

“दुपार कलली. मंग तुया बाप शिडीनं वर आला. मले न्याले आला होता. पन आला अन् बाजूले बसूनच गेला. वरून साऱ्या बागा दिसे संत्र्याच्या, फुलावर आलेल्या. वास वरपर्यंत. तो लय वेळ तेच पाहत बसला. मंग म्हने, राहू दे.”

“काय राहू दे?”

“मी नाही इचारलं.”

“आई! गचका राहू दे, का दवाखाना राहू दे, का मी...”

“मी नाही इचारलं,” आई पुन्हा म्हणाली, सावकाश. “मले जे ऐकाचं होतं ते मी ऐकलं. तुयासारखं इचारत बसली असती तं तो आनखी काही बोलला असता.”

गॅसकटर बंद झाला होता. कापलेला खांब गवतात पडला आणि जमीन हलली.

“अन् मंग?”

“मंग काय, त्याचं वजन पडलं न समोर. बैल हलले.” आईनं डोळे मिटले. “ते मले नाही पाहिजे होतं, बाई. तवा मी भेली. त्यानं हात आडवा घातला माया पोटावर, असा. दोन्ही हात माया पोटावर, त्याले स्वतःले धराले हातच नाही. खालच्या वळनावर तोंड आपटलं त्याचं बैलाच्या मानेवर. अर्धा दात अठीच कुठी पडला असन.”

बैलानं मारलं. बाबा खोटं बोलले नव्हते. मी आधी हसले, मग रडू आलं, मग दोन्ही एकदमच. इतकी वर्षं मी त्या दाताकडे बघत होते, घरात सगळ्या गोष्टींचा संशय घेत होते, आणि एकट्या दाताचा तेवढा घेतला नाही.

“घरी येईपर्यंत तू हाललीच नाही,” आई म्हणाली. “आंधी रोज हाले. मी एसटीत गप बसली, देवाचं नावही घेतलं नाही. मंग भातकुलीच्या फाट्यावर गाडी खड्ड्यात गेली अन् तू लात मारली. अशी मारली!” तिनं पोटावर हात ठेवला, जणू आत्ताच. “गावात आलो तं बाया दारात उभ्या. आमच्या आंधी बातमी पोचली. मंग कायची सफाई करता?”

पण स्वभाव कुठे जातो? माझ्या मनात एक कुसळ उरलंच होतं.

“आई, हलकं मानूस समोर बसलं का बंडी अडकते, हे तुले ठाऊक होतं न?”

“मले काय ठाऊक असन व? पयल्यांदा आली होती मी अठी.”

“मंग तू जड म्हटलं ते?”

“त्यानं इचारलं, मी सांगितलं. मी काय खोटं बोलली?” ती उठली आणि साडी झटकली. “चाल. बारसं हुकन.” आणि पुन्हा रस्त्याच्या पलीकडे, तुरीच्या कापलेल्या रानाकडे बघायला लागली.

अकोल्यापर्यंत ती झोपली. मी काच खाली केली. मूर्तिजापूरकडे एका संत्र्याच्या बागेला बहार होता, वास आत आला. या वेळी मी काही घट्ट धरलं नाही.

आत्याच्या घरी पाळण्याला झेंडूच्या माळा लावल्या होत्या. घुगऱ्यांचा वाफाळता वास, बायकांची लगबग. आत्या पाळण्याशेजारी खुर्चीत बसली होती. आता तिला ऐकू कमी येतं आणि घरात तिचा शब्द फारसा चालत नाही. तिच्या हातात पाळण्याची दोरी होती. पाळण्यात मुलगी, आणि तिच्याभोवती सगळं घर वेडं झालेलं. मी आत्याच्या पायाशी बसले.

“आत्या, आईनं सांगितलं मले. त्या दिवशीचं.”

दोरी थांबली. “सगळं?”

“हो. पन हलकं मानूस समोर बसलं का बंडी अडकते, हे तिले ठाऊक नव्हतं म्हनते.”

आत्यानं माझ्याकडे पाहिलं, मग बायकांच्या घोळक्यात हळदीकुंकू लावत फिरणाऱ्या आईकडे. मग बोळक्या तोंडानं हसली.

“ठाऊक नव्हतं? आमच्या आंधीच्या पाळीले कालेजातले काडीपैलवान पोट्टे समोर बसले अन् अडकली न बंडी वर. शिट्टीवाला त्याइले शिव्या देऊन राहिला होता, जड मानसं समोर बसवा म्हटलं तं ऐकत नाही म्हने. तुयी माय कठड्याले धरून सारं पाहत होती. मी म्हटलं, कमल, चाल व, टाइम होते. तं म्हने, थांबा अक्काजी. मले बसाचं हाय त्याच्यात.”

आत्यानं दोरी पुन्हा ओढली.

“लय राग आला होता मले तिचा,” ती म्हणाली. पाळणा जाऊन आला, जाऊन आला. “आता नाही येत.”

तेवढ्यात फोटोवाला सगळ्यांना अंगणातल्या पायऱ्यांवर बोलवायला लागला. आई पाळण्यापाशी आली. मुलीला दुपट्यात गुंडाळून तिनं अलगद उचललं आणि खांद्याशी धरलं. मी तिच्याकडे बघत होते, आणि मला काय कळलं आहे ते तिला कळलं. या वेळी तिनं नजर वळवली नाही.

“चांगली जड हाय व पोरगी,” माझ्याकडे बघत ती म्हणाली, आणि जाऊन सगळ्यांच्या समोर बसली.